मगर-कासव जीवाश्म अभ्यासपेटी : नमुने चोख, पुस्तिका अर्धवट

मगर आणि कासव यांच्या जीवाश्मांची ओळख शिकवणारी ही अभ्यासपेटी आम्ही जळगाव जिल्ह्यातील आमच्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या जीवशास्त्र प्रयोगशाळेसाठी मागवली आणि एक सत्रभर विद्यार्थ्यांच्या हाती देऊन पाहिली. विक्रेता ऑनलाइन व्यवहार करणारा आहे. पुढे काही तक्रारी येणार असल्यामुळे त्याचे नाव येथे देत नाही. शिवाय अशा धर्तीच्या पेट्या आता इतरत्रही मिळतात आणि खाली लिहिलेले बरेचसे त्यांनाही लागू पडावे. कुरिअरचा खर्च धरून पेटी साडेसहा हजार रुपयांच्या आत पडली. माझे मत आधीच सांगून टाकते : नमुने पैशाला पुरेपूर उतरतात, परंतु सोबतची पुस्तिका प्रत्येक नमुन्याची फक्त वरची बाजू दाखवते, आणि मगर-कासवाच्या तुकड्यांची खरी ओळख बहुतेक वेळा खालच्या बाजूला आणि तुटलेल्या कडेला असते. ज्या शिक्षकाला हे ठाऊक आहे त्याच्या हाती ही पेटी फार कामाची आहे. ज्याला ठाऊक नाही त्याला पुस्तिका ते सांगणार नाही.

पेटीत दोन प्रकारचे नमुने आहेत. काही खरे जीवाश्म आहेत, म्हणजे मगरीचे सुटे दात, मगरीच्या कातडीतले हाडाचे फलक, आणि मऊ व कठीण अशा दोन्ही कवचांच्या कासवांचे लहान तुकडे. तर मगरीचा मणका, दातांच्या खोबण्या दिसणारा जबड्याचा तुकडा आणि कासवाच्या कवचातील मोठी हाडे या रेझिनच्या प्रतिकृती आहेत. प्रतिकृतींबद्दल मला शंका होती, पण साचा बारकाईने घेतलेला आहे. मणक्यावरची रक्तवाहिन्यांची छिद्रेसुद्धा स्पष्ट उठली आहेत. रंग मात्र सर्वांना सरसकट तपकिरी दिला आहे. त्यामुळे जीवाश्म म्हणजे तपकिरी असाच मुलांचा समज होतो. वास्तविक रंग ठरतो तो हाड ज्या गाळात गाडले गेले त्यातील लोह आणि मँगनीज यांसारख्या द्रव्यांवरून, आणि काळे पडलेले हाड पांढऱ्या हाडापेक्षा जुनेच असते असे मुळीच नाही.

पेटीचा सर्वांत मोलाचा भाग म्हणजे मगरीचे फलक, ज्यांना ऑस्टिओडर्म म्हणतात, आणि मऊ कवचाच्या कासवाच्या पाठीचे तुकडे. हे दोन्ही वरून पाहिले तर जवळजवळ सारखेच दिसतात, कारण दोहोंच्या पृष्ठभागावर खड्डे आणि त्यांच्या मधून फिरणाऱ्या उठावाच्या रेषा असतात, आणि नवशिक्या संग्राहकाचा घोळ होतो तो नेमका येथेच. सरावलेली नजर वरूनही काही सांगू शकते : मगरीच्या फलकावरचे खड्डे मोठे, खोल, गोल वा लांबट गोल असतात आणि बऱ्याचदा मधोमध एक कणा उठलेला असतो, तर कासवाच्या तुकड्यावरची नक्षी अधिक बारीक, जाळीदार, कधी अळीने कोरल्यासारखी असते. पण नदीत घासला गेलेला तुकडा हाती आला की ही खूण फसवी ठरते. तेव्हा तुकडा पालथा करावा. मगरीच्या फलकाची खालची बाजू सपाट किंवा किंचित खोलगट असते, तिच्यावर एकमेकांना छेदणाऱ्या तंतूंची बारीक वीण दिसते आणि रक्तवाहिन्यांची एक-दोन छिद्रे असतात. कासवाच्या पाठीच्या फलकाला मात्र आतून बरगडी चिकटलेली असते, कारण कासवाचे ते हाड बरगडीशी एकजीव होऊनच वाढते. मऊ कवचाच्या कासवात तर बरगडीचे टोक फलकाच्या बाहेरच्या कडेपलीकडे डोकावते. पेटीतील एका फलकाच्या पुढच्या कडेला नक्षी नसलेली गुळगुळीत पट्टी आहे. मगरीच्या पाठीवर पुढच्या ओळीतला फलक मागच्या फलकावर जेथे टेकत असे, ती ही जागा. पुस्तिकेत या पट्टीचा उल्लेखही नाही, आणि जो तुकडा हातात धरून मुले सर्वांत जास्त वेळ रमली तो हाच.

याच गटात विक्रेत्याची घोडचूक आहे. मगरीचा फलक असे लेबल लावलेला एक तुकडा उलटा केल्यावर आतून सरळ बरगडी दिसते आणि त्याच्या दोन्ही बाजू समांतर आहेत. म्हणजे तो निःसंशय मऊ कवचाच्या कासवाचा तुकडा आहे. आम्ही छायाचित्रांसह कळवले, तेव्हा विक्रेत्याने नम्रपणे चूक मान्य केली आणि दुरुस्त लेबल पाठवले, मात्र मगरीचा आणखी एक फलक पाठवण्याची तयारी दाखवली नाही. चुकीचे लेबल आम्ही फेकले नाही. तोंडी परीक्षेला ते तसेच तुकड्यासोबत ठेवतो. परंतु जो विक्रेता ओळख शिकवण्याचे पैसे घेतो त्याने लेबल लावण्यापूर्वी माल एकदा पालथा करून पाहावा, ही अपेक्षा काही फार मोठी नाही.

कठीण कवचाच्या कासवांचा भाग पुस्तिकेने त्यामानाने बरा हाताळला आहे. या कासवांच्या हाडावर शिंगासारख्या द्रव्याची खवले असतात. ती जीवाश्मात सहसा टिकत नाहीत, परंतु जेथे दोन खवले भिडतात तेथे हाडावर उथळ चर उमटतो. हाडांचे आपापसातले सांधे वेगळे, नागमोडी दातेरी असतात आणि चर त्यांना ओलांडून जातात, कारण खवल्यांच्या आणि हाडांच्या कडा एकमेकींशी जुळत नाहीत. कवच भक्कम राहते ते त्यामुळेच. एका लहान तुकड्यावर चर आणि सांधा दोन्ही दिसले तर तो कठीण कवचाच्या कासवाचा आहे हे बहुतांशी ठरून जाते. मऊ कवचाच्या कासवाला खवलेच नसतात, त्यामुळे त्याच्या हाडावर चर मिळणार नाही. कवचातील हाडांची सर्वसाधारण संख्याही पुस्तिकेत बरोबर दिली आहे : पाठीकडे बरगड्यांच्या फलकांच्या ८ जोड्या, कडेच्या फलकांच्या ११ जोड्या, मधोमध कण्यावरची रांग, आणि पोटाकडे ९ हाडे. कडेचा फलक आडवा कापलेला दिसला तर इंग्रजी व्ही अक्षराचा आकार देतो आणि कण्यावरच्या फलकाच्या खाली मणक्याच्या कमानीचा तुटलेला भाग लागलेला असतो, हे मात्र पुस्तिका सांगत नाही. पुन्हा तेच, चित्रकाराने हाड उलटे केलेच नाही.

दातांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. मगरीचे दात आयुष्यभर पडून नवे येत राहतात, म्हणून गाळात ते भरपूर सापडतात आणि म्हणूनच स्वस्त असतात. पडलेल्या दाताला मूळ नसते, बुडाशी पोकळ शंकू असतो, आणि पुढच्या-मागच्या अंगाला धारेची एकेक रेघ चाललेली असते. आजच्या कासवांना दातच नसतात, त्यामुळे कासवाचा दात म्हणून कोणी काही विकू लागला तर तेथेच व्यवहार थांबवावा. पेटीतले दात मोरोक्कोचे आहेत आणि कार्डावर ‘मोरोक्को, क्रेटेशस’ (म्हणजे डायनासोरांच्या युगाचा शेवटचा कालखंड) एवढेच छापले आहे. मोरोक्कोतील केमकेमच्या थरांतून मगरींचे दात आणि स्पायनोसॉरस या मासेखाऊ डायनासोरचे दात एकत्र निघतात आणि दोन्ही शंकूच्या आकाराचे असतात, हे पाहता नुसत्या देशाच्या नावाने खरेदीदाराला काही कळत नाही.

स्थळाची ही अपुरी नोंद माझ्या मते पेटीचा मोठा दोष आहे. जीवाश्म कोणत्या गावाजवळ, कोणत्या थरात, कोणत्या पातळीवर सापडला हे लिहिलेले नसेल तर अभ्यासाच्या दृष्टीने त्याची निम्मी किंमत जाते, आणि मुलांना संग्रह करायला शिकवणाऱ्या पेटीनेच स्थळाची टिपण ठेवली नाही तर मुले तरी ती कशासाठी ठेवतील? सोबत दिलेल्या कोऱ्या कार्डांवर ‘नाव’ आणि ‘काळ’ असे दोनच रकाने आहेत. आम्ही आमची कार्डे वेगळी छापून घेतली. त्यांत गाव, नदी वा नाला, काठावरचा थर, जागेवरच सापडला की वाहत आलेला, आणि उचलण्याआधी मोजपट्टी ठेवून छायाचित्र घेतले काय, असे रकाने केले.

भारतीय खरेदीदाराच्या दृष्टीने आणखी एक उणीव राहून गेली आहे. आपल्या महाराष्ट्रातील जीवाश्म कासवांमध्ये जी प्रसिद्ध आहेत ती मान कडेला वळवून कवचाखाली घेणाऱ्या गटातली आहेत, आणि त्या गटाचा एकही नमुना किंवा प्रतिकृती पेटीत नाही. मुंबईत वरळीच्या टेकडीजवळ लाव्हाच्या दोन थरांमधील गाळात सापडलेल्या कासवाला निसर्गअभ्यासक कार्टर यांनी १८५२ मध्ये डॉक्टर लीथ यांचे नाव दिले, आणि ते आज कार्टेरेमिस लीथी म्हणून ओळखले जाते. चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथील कासव आता जैनेमिस पिसदुरेन्सिस या नावाने नोंदले जाते. या गटातील कासवे आज आफ्रिका, दक्षिण अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात उरली आहेत, भारतातल्या नद्यांत नाहीत. त्यांची हाडांतली खूण म्हणजे कमरेचे हाड कवचाला न हलणाऱ्या सांध्याने जोडलेले असते, त्यामुळे पोटाच्या मागच्या फलकाच्या आतल्या बाजूवर जोडणीचा खडबडीत व्रण राहतो. येथेही ओळख पटते ती हाड उलटे केल्यावरच. अशा एका फलकाची रेझिन प्रतिकृती घातली असती तर पेटीचा दर्जा पुष्कळ वाढला असता. (मऊ कवचाच्या ज्या कासवाला आज लीथचे कासव म्हणतात आणि जे दक्षिण भारताच्या नद्यांत राहते, त्याचे नावही याच लीथ यांच्यावरून आले आहे, हे मुलांना सांगण्यासारखे आहे.)

आता खानदेशात ही पेटी कितपत उपयोगी पडते ते पाहू. आपल्याकडे बहुतेक सर्वत्र सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा काळा बेसाल्ट आहे, आणि वितळलेल्या लाव्हातून थंड झालेल्या दगडात हाडे मिळत नाहीत. दोन लाव्हाथरांमध्ये तळ्याचा गाळ अडकला असेल तरच आशा, जशी वरळीला होती. राहता राहिला तापी आणि तिच्या उपनद्यांचा जाड गाळ, जो रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यापासून शिरपूर-शहाद्यापर्यंत पसरला आहे आणि नदीकाठी ज्याच्या उंच दरडी व घळी पडल्या आहेत. सातपुड्यापलीकडे नर्मदेच्या याच प्रकारच्या गाळात हत्ती, गवे यांच्या हाडांबरोबर मगरी व कासवे यांचे अवशेषही मिळाले आहेत, आणि मध्य प्रदेशातील हथनोरा येथे १९८२ मध्ये भूवैज्ञानिक अरुण सोनकिया यांना मानवी कवटीचा जीवाश्म मिळाला तो तेथेच. तेव्हा तापीकाठी डोळे उघडे ठेवून फिरण्यात अर्थ आहे. मात्र येथे हाती येणाऱ्या बहुतेक वस्तू जीवाश्म नसतात, आणि पेटीत नेमक्या त्यांच्याशी तुलना करण्याची सोय नाही.

सर्वांत फसवी वस्तू म्हणजे गाळातल्या चुनखडीच्या निमुळत्या नळ्या. झाडाच्या मुळाभोवती चुना साचतो, मूळ कुजून जाते, आणि मागे मधोमध पोकळी असलेला शंकू राहतो. विद्यार्थी तो मगरीचा दात म्हणून आणतात, आणि त्यांचा दोष नाही, कारण पुस्तिकेने त्यांना बुडाशी पोकळ शंकू शोधायला सांगितलेले असते. दहापट भिंगातून पाहिले की फरक लगेच पटतो. दातावर दंतवल्काचा (एनॅमलचा) चकचकीत थर, त्यावर बारीक उभ्या रेघा आणि कडेची धार दिसते; चुनखडीवर वाळूचे कण चिकटलेला खरबरीत पृष्ठभाग दिसतो आणि विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब टाकला की ती जोराने फसफसते. हाडाच्या भेगांतही चुना शिरलेला असू शकतो, म्हणून नुसत्या फसफसण्यावरून निकाल देऊ नये. तुटलेली कड पाहावी : बाहेर घट्ट थर, आत स्पंजासारखी जाळी, पुन्हा घट्ट थर अशी रचना मगरीच्या फलकातही असते आणि कासवाच्या कवचातही, चुनखडीत ती नसते. शहामृगाच्या अंड्याच्या कवचातही ती नसते, आणि हा उल्लेख उगाच करत नाही, कारण चाळीसगावजवळच्या पाटणे येथे अश्मयुगीन थरांत शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी व तुकडे मिळालेले आहेत आणि असा पातळ, किंचित वाकलेला तुकडा कोणालाही लहान कासवाचा वाटेल.

दुसरी गोष्ट गुराढोरांच्या हाडांची. पेटीतला मगरीचा मणका येथे फार उपयोगी पडला. त्याच्या पुढच्या बाजूला खोलगट वाटी आणि मागच्या बाजूला गोल उंचवटा आहे, तर गाय-बैलाच्या मानेच्या मणक्यात याच्या नेमके उलटे, उंचवटा पुढे आणि खोलगटपणा मागे असतो. मणक्याची पुढची बाजू कोणती हे ठरवण्यासाठी वरच्या सांध्यांचे पृष्ठभाग पाहावेत. पुढच्यांची तोंडे वर असतात, मागच्यांची खाली. हा एवढा एक धडा शिकून आमच्या विद्यार्थ्यांनी नदीकाठून गोळा केलेल्या मणक्यांचा ढीग स्वतःच निवडला. त्या ढिगात मगर एकही निघाली नाही.

पेटीसोबत दिलेल्या अवजारांविषयी माझे मत बरे नाही. छोटी छिन्नी देण्याऐवजी मऊ कुंचला आणि बांबूची टोकदार काडी दिली असती तर बरे झाले असते, कारण गाळातले हाड दगड फोडून काढायचे नसते. ‘जीवाश्म पक्के करणारे द्रावण’ म्हणून एक बाटली येते, पण तिच्यात काय आहे ते कोठेही लिहिलेले नाही. संग्रहालयांत ॲसिटोनमध्ये विरघळवलेले पॅरालॉइड बी-७२ हे रेझिन वापरतात, कारण ते पुढे कधीही ॲसिटोननेच काढून टाकता येते. घटक न छापलेले द्रावण मी तरी कोणत्याही हाडावर लावू दिले नाही. घरातला पांढरा डिंक पाण्यात मिसळून लावण्याचा मोहही टाळावा. भिंगावर दहापट असे छापले आहे, परंतु त्याच्या कडेला रंगीत झालर दिसते आणि कासवाच्या तुकड्यावरचे बारीक चर पुसट होतात. आमच्या प्रयोगशाळेतल्या जुन्या भिंगात तेच चर स्वच्छ दिसले.

कायद्याचा मुद्दा पुस्तिकेने पूर्णपणे वगळला आहे, आणि नदीकाठच्या शाळांसाठी तो गंभीर आहे. उन्हाळ्यात पात्र आटले की वाळूत मेलेल्या कासवाचे कवच सापडते. ते जीवाश्म नव्हे, आणि ते उचलून वर्गात आणणे योग्य नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार मगर अनुसूची १ मध्ये, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत, आहे, आपल्या नद्यांतील अनेक कासवांनाही संरक्षण आहे, आणि हे संरक्षण प्राण्याच्या अवयवांना व कवचालाही लागू होते. म्हणून पेटीच्या बिलावर ‘जीवाश्म’ आणि ‘रेझिन प्रतिकृती’ असे नमुनावार लिहून घ्यावे. आम्ही मागितले तेव्हा विक्रेत्याने तसे बिल तत्परतेने दिले, हे त्याच्या बाजूने नोंदवायला हवे. काठावर खरेच जुने, गाळात रुतलेले हाड दिसले तर ते उपटून न आणता जागा टिपून, छायाचित्र काढून जळगावच्या विद्यापीठातील किंवा पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील अभ्यासकांना कळवावे, असे आम्ही विद्यार्थ्यांना सांगून ठेवले आहे. दरडीतून ओढून काढलेल्या हाडाचा थर नंतर कोणालाच सांगता येत नाही.

माल पोहोचला तो वेळेवर आणि एकही तुकडा न फुटता. फोमच्या खाचा प्रत्येक नमुन्याच्या आकाराच्या कापलेल्या आहेत, त्यामुळे तास संपल्यावर काय परत आले नाही ते एका नजरेत कळते. पुस्तिका इंग्रजी आणि हिंदीत आहे, मराठीत नाही. अकरावीच्या मुलांना ती झेपते. माध्यमिक शाळेत वापरायची असेल तर शिक्षकाला स्वतःची टिपणे काढावी लागतील, आणि ती काढताना प्रत्येक नमुन्याच्या खालच्या बाजूचे एकेक रेखाचित्र अवश्य घालावे.

याच विक्रेत्याकडे भिंग, छिन्नी आणि बाटली वगळून नुसत्या नमुन्यांची पेटी सुमारे दीड हजाराने कमी किमतीत मिळते. घ्यायची असल्यास तीच घ्यावी, उरलेल्या पैशांत चांगले दहापट भिंग जळगावात वा नाशिकला स्वतः पाहून घ्यावे, आणि मागणी नोंदवतानाच प्रत्येक खऱ्या जीवाश्माचे स्थळ व थर कळवण्याची अट लेखी घालावी.